जे. जे.च्या वर्गातलं अमूर्त

अमूर्त चित्रकला मुंबईत परक्या पुस्तकांतून आली, असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्यात तथ्य आहेच. 1930च्या दशकात युरोप सोडून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी इथल्या तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय चित्रांची ओळख करून दिली आणि पॉल क्लीचा ठसा वासुदेव गायतोंडे व प्रभाकर कोलते या दोघांच्याही सुरुवातीच्या कामावर उघड दिसतो. पण क्लीची छापील चित्रं पाहणारे तरुण तेव्हा देशात इतरत्रही होते. मुंबईत त्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी परंपरा उभी राहिली, याचं कारण जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्गात शोधावं लागतं. तिथे जगन्नाथ अहिवासी भारतीय चित्रशैली शिकवत. 1948 साली पदविका घेतलेल्या गायतोंडे यांनी लघुचित्रांचा अभ्यास करता करता त्यांतल्या माणसांच्या आकृत्या वगळल्या आणि नुसत्या रंगांची एकमेकांशी असलेली प्रमाणं न्याहाळायला सुरुवात केली. पुढे रोलरने रंग पसरायचा, पॅलेट नाईफने खरवडून काढायचा, पुन्हा चढवायचा, अशी पद्धत त्यांनी घडवली. तिच्यामागे ही जुनी तालीम आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शिकवून अनुयायी तयार होतील, चित्रकार कसा होईल? सिंधुदुर्गातून आलेले कोलते हे याचं उत्तर. त्यांचे गुरू शंकर पळशीकर स्वतः उत्तम व्यक्तिचित्रकार. आकृती ज्याला पूर्ण साधली आहे असा माणूस अमूर्ताकडे वळलेला विद्यार्थ्यांना रोज समोर दिसत होता. मुळात चित्र काढता येत नाही म्हणून अमूर्त, हा आरोप त्या वर्गात टिकणारच नव्हता. कोलते यांना क्लीच्या प्रभावातून बाहेर यायला वेळ लागला, हे मान्य करायलाच हवं. पण त्यांचा परिपक्व कॅनव्हास पाहा: एकाच रंगाचा मोठा थर जवळजवळ सगळं व्यापतो आणि मध्येच राखलेल्या फटींतून खालचे लहान, गजबजलेले आकार डोकावतात. झाकणं हीच इथे रचना होते. क्लीच्या बारीक रेषेपासून हे फार दूर आहे, आणि गायतोंडे यांच्या धूसर उजेडापासूनही. 1972 ते 1994 कोलते जे. जे.मध्ये शिकवत राहिले, मराठीत चित्रकलेवर लिहीत राहिले. ‘कलेपासून कलेकडे’ हे त्यांचं पुस्तक त्याच विचाराचं फळ.

गायतोंडे यांच्या चित्रांना लिलावात मिळणाऱ्या कोटींच्या किमतींवर आपण भरभरून बोलतो, या शिकवणीवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. 2023 साली जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. अहिवासी, पळशीकर आणि कोलते यांच्या अध्यापनाचा इतिहास तिथल्या अभ्यासक्रमात आता तरी यायला हवा.