पनवेलची खाडी आणि घारापुरीची वाट

द्रुतगती महामार्गाच्या तोंडाशी वाहनांच्या गर्दीत खोळंबलेल्या प्रवाशास पनवेल हे एके काळी नामांकित बंदर होते असे सांगितल्यास तो ती थट्टा समजेल. परंतु आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा गृहस्थ प्रथम मचव्यातून पनवेलच्या धक्क्यास लागे आणि मगच, गव्हर्नर माल्कम यांच्या अमदानीत १८३० मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रस्त्याने, देशावर चढे. घाटावरून माल घेऊन उतरलेले गाडीवान परतताना येथे घडविलेली चाकांची जोडी विकत नेत. १८५२ मध्येच या गावास नगरपालिका मिळाली, ती या वर्दळीमुळे, असे मला वाटते.

या जलमार्गावरच घारापुरीचे बेट आहे. बेटास ज्या पाषाणी हत्तीवरून फिरंग्यांनी नाव दिले, त्याची मान १८१४ मध्ये गळून पडली आणि धडाचे अवशेष १८६४ मध्ये मुंबईस हलविण्यात आले. १८७५ मध्ये तर वेल्सच्या राजपुत्रासाठी प्रत्यक्ष लेण्यात मेजवानी झडली, आणि त्या सदाशिवाच्या ध्यानस्थ मुखासमोर काटेचमचे वाजविण्याचे औचित्य सरकारी दप्तरास कसे पटले, हे त्या दप्तरासच ठाऊक!

पनवेलहून बेटाकडे निघणाऱ्यास मात्र राजपुत्रापेक्षा चंद्राची मर्जी सांभाळणे भाग होते, कारण ओहोटीस खाडीत चिखल उघडा पडे आणि होडी हलत नसे. भरती पूर्ण होताच सुटावे, ओहोटीबरोबर खाली उतरावे, दर्शन उरकून पाणी पुन्हा चढू लागले की त्याच्याच पाठीवर बसून परतावे, असा तो सुमारे साडेबारा तासांचा प्रवास निसर्गानेच आखून ठेवलेला होता. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे गणित कोकणात तांडेलाच्या पोरासही पाठ असे. महाशिवरात्रीस बेटावर मोठी जत्रा भरते; माघ वद्य चतुर्दशी, म्हणून चौदाची पाऊणपट साडेदहा; म्हणजे सकाळी साडेदहास शीड उभारणाऱ्यास तिसऱ्या प्रहरी बेट गाठून रात्री अकराच्या सुमारास घर दिसावे, आणि अमावास्या तोंडावर असल्याने परतीच्या वाटेवर चंद्राचा प्रकाश नाही, पण उधाणाचे पाणी मात्र भरपूर.

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीस पोहोचली आणि देशावरचा माल हळूहळू खाडीकडे पाठ फिरवू लागला. १९८९ मध्ये बेटासमोरच न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले, २०२४ मध्ये खाडीवरून अटल सेतूही गेला. तथापि सहलीस निघालेला पनवेलकर बहुधा लोकलने उलट मुंबईस जातो आणि गेटवेवरून तासाभराच्या लाँचने बेटावर उतरतो. त्यास तिथी पाहावी लागत नाही, फक्त वार पाहावा लागतो. कारण सोमवारी, शिवाच्याच वारी, लेणी बंद असतात.