घर, मूल आणि प्रयोगशाळा



मंडळाच्या स्मरणिकेत आजवर माझ्या नावावर पाककृतीच आल्या. यंदा चिटणीसबाईंना विनंती करून विषय बदलून घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा शास्त्रातले बारकावे माझ्याकडे मागू नयेत. परंतु एका बाईने संसार आणि संशोधन ही दोन्ही कशी चालविली, हे सांगण्यापुरता संसार मी केला आहे.

त्या बाई म्हणजे डॉ. कमलताई रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्गसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरच्याच घरी पडावे अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केले नाही! त्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र शिकल्या आणि मे १९३९ मध्ये त्यांचे लग्न झाले ते गणिताच्या अभ्यासकाशी. पुढे १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींचा. दिवाळीच्या सुमारास राजूर घाटातून टोपल्या भरभरून उतरतात तेच हे सीताफळ; त्याच्या पेशीतही अभ्यासण्यासारखे काही असते, हे आपल्या ध्यानी कशाला येईल?

ही पदवी लग्नानंतर चार वर्षांनी मिळालेली आहे. आपल्याकडे लग्न ठरले की पुस्तके माळ्यावर जातात. कमलताईंच्या यजमानांनी त्यांना अभ्यासात मदत केली. परवानगी देणारे यजमान पुष्कळ असतात. मदत करणारे किती, ते प्रत्येकीने आपल्या घरी पाहावे.

मुंबईला आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या, आणि डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या घेतली, आणि परत येऊन मुंबईस तशी प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातील ती पहिली. शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात ठेवायच्या, त्यांना पोषक द्रव द्यायचे, अंगाइतकी ऊब राखायची, आणि कसलीही घाण लागू द्यायची नाही. वेळेवर खाऊपिऊ घातले नाही तर त्या मरतात. रविवार असो की सण असो. हे वाचून मला तर बाळंतिणीची खोलीच आठवली!

त्यांचे मोठे काम स्तनाच्या कर्करोगावरचे. उंदरांवर प्रयोग करून शरीरातील संप्रेरके आणि गाठीचे विषाणू यांचा या रोगाशी संबंध कसा आहे, हे त्यांनी दाखविले. उंदरांत असा एक विषाणू आईच्या दुधातून पिलात जातो. हे ऐकून कोणी लेकरू अंगावरून तोडू नये! बायकांच्या बाबतीत अंगावर पाजल्याने हा धोका उलट कमी होतो. गाठ लागली तर मात्र लाजेपायी लपवू नये. आपल्यात अजून लपवितात.

१९६६ ते १९७० या काळात भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालकपद त्यांनी सांभाळले. त्यांना एक मुलगा. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. (हे अकोले म्हणजे आपले वऱ्हाडातले अकोला नव्हे.) २००१ साली त्या वारल्या.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १९७३ साल. त्या वर्षी त्यांनी सहकारी भगिनींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. या संघटनेने वाशीला नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह काढले आणि पाळणाघरही. एवढ्या विदुषी बायका एकत्र जमल्या, आणि त्यांना पाळणाघराची गरज दिसली! मुलाला कोठे ठेवायचे, या एका प्रश्नापाशी कितीएक पदव्या अडून बसतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आमच्या गल्लीतली एक सून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली आहे. तिला एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम मिळत होते. बाळ आठ महिन्यांचे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तिने नाही कळविले. दोष कोणाला द्यावा?

मंडळाची खोली भजनाची वेळ सोडली तर दिवसभर बंद असते. आपल्यातल्या चौघी-पाचजणींची मुले आता मोठी झाली आहेत आणि दुपार मोकळी असते. एक लाकडी पाळणा मी देईन. येत्या सभेत हा विषय घ्यावा, असे मी चिटणीसबाईंना लेखी कळविले आहे.