पन्नास मिली ऑइल : आमच्या शिवारातल्या फटफटीचा इतिहास



काल रात्री चांगला पाऊस झाला. रान वाफशावर नाही, सोयाबीनची कोळपणी थांबलीय. घरी बसलोय म्हणून आज पिकाचं सोडून दुसरंच लिहितो.

मागच्या आठवड्यात आमच्याकडं एक तरुण कृषी सहायक आले होते. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या डोळ्यांदेखत शेतीत सगळ्यात मोठा बदल कशानं झाला? ट्रॅक्टरनं का ठिबकनं?" मी म्हणलं, मोटारसायकलनं. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

आमचा बार्शी तालुका. इथं 1897 ला कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी रेल्वे आली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली आणि पुढं हळूहळू ती आमच्या फाट्यावर आली. पण रेल्वे असो का एसटी, ती आपल्या वेळेवर चालते. शेतकऱ्याची नड काय वेळ बघून येत नाही. मोटरची वायंडिंग जळाली, गाय अडली, फवारणी अर्ध्यात आली आणि औषध संपलं, की माणूस चालत नाहीतर सायकलवर तालुक्याला जायचा. एक दिवस त्यातच मोडायचा.

रस्ते म्हणाल तर 1972 च्या दुष्काळात. आमच्या आधीच्या पिढीनं खडी फोडली, मुरूम टाकला, त्यातले कितीतरी रस्ते अजून पायाखाली आहेत. पोटासाठी केलेलं काम होतं ते. पण पुढं मोटारसायकल गावात शिरली ती याच मुरमाच्या रस्त्यांवरून, हे कुणी फारसं लिहीत नाही. डांबर पुष्कळ उशिरा आलं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तीच 2000 च्या डिसेंबरात.

आता गाड्यांचं. 1955 ला मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी झाली, तिची बुलेट मुख्यतः लष्कर-पोलिसांची. गावात ती असायची एखाद्या बागायतदाराकडं. जावा म्हैसूरला बनायची, आयडियल जावा कंपनीत, 1973 पासून तिचं नाव येझदी झालं. पण खेड्यातली खरी गाडी म्हणजे राजदूत. एस्कॉर्ट्सनं 1962 ला काढली, मूळ आराखडा पोलंडच्या गाडीचा. 173 सीसी, टू-स्ट्रोक, सहा व्होल्टची बत्ती. रात्री ती बत्ती म्हणजे रेस केली तर उजेड, रेस सोडली तर अंधार. पण गाडी दणकट. मागं दोन्हीकडं दुधाच्या किटल्या, मध्ये पेंडीचं पोतं आणि वर माणूस, तरी ओढायची. 1972 लाच पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं लूना आणली, 50 सीसीची. तिला पायंडल होतं, त्यामुळं पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी यायची. बजाजची एम-80 ऐंशीच्या दशकात आली आणि गवळ्यांनी ती उचलली.

तरी गाडी घेणं सोपं नव्हतं. बजाज चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, कारण किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं. ऐंशीच्या दशकात सरकारनं 100 सीसीपर्यंतच्या गाड्यांसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारीला मोकळीक दिली आणि चित्र पालटलं. 1985 ला हिरो होंडाची सीडी-100 आली. फोर-स्ट्रोक, 97 सीसी. लोकांनी आधी नाकं मुरडली, "एवढ्याशा इंजिनानं काय ओढणार?" पण लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात होती, आणि आमच्या टू-स्ट्रोक पस्तीस-चाळीसवर भागवायच्या. हिशेब शेतकऱ्याला कळतो. 1994 ला स्प्लेंडर आली, आणि मग गावात कुठल्याही दारात बघा, तीच.

टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यातला फरक मला पुस्तकातून कळला नाही. तो कसा कळला ते सांगतो.

साल 1991. श्रावण होता. मी वर्षभर आधी नऊ हजाराला एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली होती. या गाडीत इंजिनचं वंगण पेट्रोलमधूनच जातं. लिटरमागं चाळीस-पन्नास मिली टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं, तेच पिस्टनला, बेअरिंगला मिळतं. वेगळा साठा नाही. पंपावर त्यासाठी हातानं मारायचं छोटं यंत्र असायचं, जुन्या लोकांना आठवत असेल. त्या दिवशी संध्याकाळी टाकी कोरडी झाली. गावातल्या दुकानातनं दोन लिटर सुट्टं पेट्रोल घेतलं. ऑइलचा डबा रिकामा होता. म्हणलं, उद्या तालुक्याला गेल्यावर टाकू, आज रात्री कुठं जायचंय?

पहाटे साडेतीनला आई बाहेर गेली आणि घोणस चावली. पायाच्या बोटाला.

मी पुढं, मध्ये आई, मागं तिला धरून धाकटा भाऊ. चौदा किलोमीटर जायचं. घाबरून मी गाडी पिळली. सहा-सात किलोमीटरवर गाडीचा आवाज बदलला, दम गेल्यासारखा, आणि मागचं चाक एकदम आवळलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. किक मारली तर खालीच जाईना. ऑइल नाही म्हणल्यावर पिस्टन तापून फुगलं होतं आणि सिलिंडरात आवळून बसलं होतं.

रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. आईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजत चाललेला. ती म्हणत होती, "आरं, घाबरू नगंस, ईल कुणीतरी." साप तिला चावलेला आणि धीर ती मला देत होती. तिथं आम्ही चाळीस मिनिटं काढली. साडेचारच्या पुढं दुधाचा टेम्पो आला, त्यात आई आणि भाऊ बसले. मी गाडीपाशी राहिलो. तोवर इंजिन थंड झालं होतं. प्लग काढून भोकातनं ऑइलचे थेंब सोडले (तेसुद्धा टेम्पोवाल्याकडनंच मागून घेतलेलं), किक हळूहळू सुटली, गाडी चालू झाली. पण चालू झाली त्याचं काय कौतुक!

आई वाचली. बोट गेलं. पुढं चोवीस वर्षं जगली आणि मला एकदाही बोलली नाही. पण ती चप्पल घालायला बसली की मी दुसरीकडं बघायचो.

म्हणून पुढं जे लिहितोय ते शहाणपणा म्हणून वाचू नका.

त्या काळात गाडीवाला म्हणजे अर्धा मिस्त्री असायचाच, नसून चालत नव्हतं. डिक्कीत प्लगपाना, पक्कड, काचपेपर, एक जादा प्लग, क्लचची केबल, सोल्यूशन-पॅच आणि हेक्सॉ ब्लेडचा तुकडा. ब्लेड कापायला नाही, मोजायला. तिची जाडी साधारण 0.6 मिमी, आणि जुन्या गाड्यांना प्लगची फट तेवढीच लागायची. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं ऑइल प्लगवर बसून तो काळा, ओला होतो आणि ठिणगी मरते. प्लग काढायचा, काचपेपरनं घासायचा, ब्लेड घालून फट बघायची, टोपीत बसवून इंजिनच्या लोखंडाला टेकवून किक मारायची. निळी ठिणगी उडली तर दोष पेट्रोलकडं, नाही उडली तर करंटकडं. आजाराचं निदान यालाच म्हणतात, कृषी अधिकारी मित्रांनो. आधी काय नाही ते ठरवायचं आणि मग औषध.

क्लचची केबल तुटली तर गाडी ढकलत पळवायची, इंजिन चालू असताना पहिल्या गिअरमध्ये घालून उडी मारून बसायचं आणि न थांबता घर गाठायचं. पंक्चर बाभळीच्या काट्यानं व्हायचं, वेड्या बाभळीनं जास्त. पॅच संपला असला तर टायरमध्ये गवत गच्च कोंबून हळूहळू यायचं. टायरचं वाटोळं व्हायचं, पण रिम वाचायची.

आणि आमची काळी माती! ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये बसली की पुढचं चाक फिरतच नाही. गाडी स्टँड न लावता चिखलात उभी राहते, हे बागायती मुरमाडवाल्यांना खोटं वाटेल. तुराटीच्या काडीनं माती कोरत कोरत एक किलोमीटरला तास लागायचा. आमच्याकडं बरेच जण मिरगाला पुढचं मडगार्ड काढून ठेवायचे आणि दसऱ्याला परत लावायचे. चिखल तोंडावर उडायचा, उडू दे.

काहींनी तर गाडीच औताला लावली. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी 1994 ला बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकांचं जोडकाम आणि औजाराची दांडी बसवली, "बुलेट सांती" म्हणून. पेरणी, कोळपणी त्यावर होते. दुष्काळात बैलं सांभाळणं परवडत नाही, या अडचणीतनं ती निघाली. शाळा फार न शिकलेल्या माणसाला त्यावर पेटंट मिळालं. आपल्याकडं विदर्भ-मराठवाड्यात असली जुगाडं अधूनमधून दिसतात, पण हलक्या रानात. आमच्या भारी काळ्या रानात ओल असताना ती रुततात, हे माझं मत.

स्प्लेंडरच्या काळात रस्त्यावरचा खोळंबा कमी झाला. फोर-स्ट्रोकला वंगण खाली वेगळं असतं, मिसळायची कटकट गेली. पण त्यानं आपण आळशी झालो. टू-स्ट्रोकला ऑइल विसरलं तर ती त्याच दिवशी शिक्षा करायची. फोर-स्ट्रोक सहन करत राहते. लिटरभरही ऑइल नसतं आत, ते काळं होतं, कमी होतं, आणि दोन वर्षांनी धूर सुरू झाला की आपण कंपनीला नावं ठेवतो. महिन्यातनं एकदा गाडी सरळ उभी करून ऑइलची काडी बघायला दोन मिनिटं लागतात. चेनला जळकं ऑइल लावायची आपली खोड आहे. ते करू नका. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, वर धूळ बसली की कानस तयार होते. नव्वद नंबरचं ऑइल स्वस्तच असतं. चेन पाऊण ते एक इंच सैल पाहिजे, ताठ केली तर खड्ड्यात बेअरिंग खाते. आणि मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर बघा. जुना स्पंजाचा असेल तर रॉकेलात धुऊन, पिळून, ऑइलचा हात देऊन लावा. नवा कागदी असेल तर धुऊ नका, बदला.

2001 ला अॅक्टिव्हा आली, आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडं बाया-पोरी गाडीवर दिसायला लागल्या. माझी मंडळी चाळिशीत गाडी शिकली. आता बँकेचं, बचतगटाचं ती स्वतः बघते. आईच्या वेळी अशी गाडी चालवणारं दुसरं कुणी घरात असतं तर, असं मनात येतं. पण ऑइल तर मीच विसरलो होतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. कार्बोरेटर गेला, चोक गेला, इंजेक्शन आलं. पेट्रोलची कॉक नाही, म्हणजे रिझर्व्हही नाही, काट्यावर विश्वास. गाडी सुंदर चालते, थंडीत एका झटक्यात चालू होते, खोटं कशाला बोलू. पण बॅटरी पार बसली तर बऱ्याच गाड्या किकलाही दाद देत नाहीत, आणि पिवळा दिवा लागला की दोष काय ते मिस्त्रीचं यंत्र सांगतं, आपलं काचपेपर नाही. त्यात पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. 2003 ला 5 टक्क्यांपासून सुरुवात झाली तेव्हा महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. आपलाच ऊस कारखान्यातनं फिरून टाकीत येतो, याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी गेलं तर ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि पंप खालनंच उचलतो. पावसाळ्यात झाकणाचं रबर बघा, गाडी धुताना झाकणावर पाण्याचा फवारा मारू नका, आणि महिनोन्महिने उभी राहणार असेल तर तेच जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका.

पोराला परवा विचारलं, डिक्कीत काय आहे? म्हणला, "कागदपत्रं आणि मोबाईलची वायर." मी काही बोललो नाही. रात्री त्याच्या डिक्कीत प्लगपाना आणि पक्कड ठेवली. सकाळी त्यानं बघितली, विचारलं, "आण्णा, हे कशाला?" म्हणलं, बस इथं, सांगतो. आजीच्या बोटाची गोष्ट त्याला तोवर साप चावला एवढीच माहीत होती.

पाऊस परत भरून आलाय. तुमच्या गावात पहिली गाडी कोणती आली आणि कुठं बंद पडली, ते सवडीनं लिहा.