लाल-काळ्या पट्ट्यांची शिसपेन्सिल

आमच्या पिढीने अक्षरे गिरवली ती पाटीवरच्या पेन्सिलीने. वही हाती आली की गुरुजी म्हणत, "आता शिसपेन्सिल आणा." नाव शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसे कधीच नव्हते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात सापडलेले ग्रॅफाइट लोकांना शिशाचाच प्रकार वाटले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे १७९५ साली फ्रान्समध्ये कोन्ते यांनी ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळीभोर. आपल्या मुलांची 'एचबी' या दोन्हींच्या मधली.

स्वातंत्र्यापूर्वी चांगली पेन्सिल म्हणजे जर्मनीची, नाहीतर इंग्लंडची. स्वातंत्र्यानंतर सरकारने आयातीवर बंधने घातली आणि देशी कारखानदारांना जागा मिळाली. १९५८ साली मुंबईत हिंदुस्थान पेन्सिल्स कंपनी सुरू झाली आणि तिने 'नटराज' बाजारात आणली. १९७० मध्ये त्याच कंपनीची 'अप्सरा' आली, ती मुळात चित्रकलेसाठी. पण ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली, भिवंडीच्या दप्तरांवर राज्य केले ते नटराजनेच. सहा बाजू, एक लाल, एक काळी. बाकावरून घरंगळत नाही, पडली तरी आतली कांडी सहसा शाबूत राहते, आणि टोक करताना लाकूड भुसभुशीत न होता सुबक पापुद्रा निघतो. सुतारकाम करणाऱ्या भाईंच्या कानावरही तीच, शिवणकाम करणाऱ्या खालांच्या डब्यातही तीच. बोटात मावेनाशी झाली की तुकडा जुन्या पेनाच्या नळीत खोचायचा आणि आणखी आठवडा काढायचा. नाचणाऱ्या शंकराचे नाव मुसलमान मुलांच्या दप्तरात आहे, याची आमच्या मोहल्ल्यांत कुणी कधी चर्चा केल्याचे आम्हाला आठवत नाही. पेन्सिल चांगली होती, बस्स.

आणि तिचे लाकूड कुठले? पूर्वी पेन्सिलीसाठी बाहेरदेशाहून लाकूड आणावे लागे. आता ते मुख्यत्वे काश्मीरच्या पॉप्लर झाडांचे. पुलवामा जिल्ह्यातल्या उखू गावात ओंडक्यांच्या पातळ पट्ट्या कापतात, वाळवतात आणि कारखान्यांकडे धाडतात. कारखान्यात पट्टीला खाचा पाडून त्यांत कांड्या बसवतात, वर दुसरी पट्टी सरसाने चिकटवून दाबतात आणि मग एकेक पेन्सिल तासून काढतात. म्हणजे पेन्सिल मुळात दोन फळ्यांचे सँडविच! देशातल्या पेन्सिलींच्या पट्ट्यांची ९० टक्के गरज काश्मीर भागवतो, असे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितले होते. या कामावर तिथल्या अनेक घरांची चूल पेटते, त्यात बायकाही आहेत.

त्याच वर्षी, करोनाच्या धास्तीने, काश्मीरमध्ये पॉप्लरची झाडे तोडण्याचे आदेश निघाले. मे महिन्यात या झाडांचा कापूस हवेत उडतो, त्याने खोकला-शिंका वाढतील आणि आजार फैलावेल, अशी भीती होती. वास्तविक तो कापूस म्हणजे परागकण नव्हेत, बियांना चिकटलेले तंतू आहेत. या झाडाला तिथे 'रशियन' म्हणतात, तेही चूकच. त्याचे मूळ अमेरिकेत. आमच्या मते तोडीबरोबर नव्या लागवडीचाही हिशेब मांडायला हवा होता. झाड तोडायला तास लागतो, वाढवायला वर्षे.

सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिलीवरचा जीएसटी शून्यावर आला आहे. पालकांनी दुकानदाराकडे जुन्या आणि नव्या छापील किमतीची चौकशी जरूर करावी.