मोजणीचा कागद : मुद्रा, स्वहस्त आणि पडताळा

जमिनीच्या मोजणीचा कागद कशानें खरा ठरतो, हा प्रश्न नवा वाटला तरी फार जुना आहे. बांधकामाच्या नकाशावर परवानाधारक इंजिनियराची सही, नांव व परवान्याचा क्रमांक असावा; मोजणीच्या नकलेवर भूमि अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का असावा, असे आजचे नियम आहेत. या नियमांचें बीज आपल्याकडे कोठें सांपडतें व त्यांची कसोटी कोठें लागली, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. बारामतीहून इंदापुरास जातांना लासुर्णें लागतें. हें गांव ज्या इंदापूर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांत ती कसोटी लागली.

प्रथम धर्मशास्त्र पाहूं. राजानें भूमिदान केलें असतां त्याचा लेख वस्त्रावर किंवा ताम्रपटावर करावा, त्यांत दानाचें परिमाण व सीमा यांचें वर्णन असावें, त्यावर राजमुद्रा असावी, आणि स्वहस्त व काल हींही असावीं, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. येथें मुद्रा व स्वहस्त यांचा निरनिराळा उल्लेख आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मुद्रा अधिकाराची, स्वहस्त मनुष्याचा. अधिकारी बदलला तरी शिक्का दफ्तरांत राहतो. स्वहस्त मात्र ज्याचा त्यालाच बांधतो. त्याच स्मृतींत सीमावादांत खोटें सांगणाऱ्या शेजाऱ्यांस पृथक् पृथक् मध्यमसाहस दंड सांगितला आहे. समुदायाच्या आड कोणासही लपतां येऊं नये, हाच त्यांतील आशय.

मराठेशाहींतही हीच दृष्टि दिसते. शिवछत्रपतींची अष्टकोनी संस्कृत मुद्रा पत्राच्या माथ्यावर असे, आणि मजकूर संपे तेथें मर्यादा दाखविणारी मोर्तब होई. पहिलीनें अधिकार सांगावा, दुसरीनें मागाहून अक्षर घुसडण्यास वाव ठेवूं नये, अशी ही योजना. गांवच्या महजरावर पाटलाचा नांगर, सुताराचें किंकरें, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या आढळतात. त्या करणाऱ्यास अक्षर येत नसेल. पण आपण तेथें हजर होतों, हें तो निशाणीनें कबूल करीत असे. सभासदानें दिलेलें काठीचें माप पांच हात पांच मुठींचें आहे. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. माप ठरलेलें, साक्षी ठरलेले; तरी काठी धरणारा हात सचोटीचा नसेल तर पुढें काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचें उत्तर इंदापुरानें दिलें. इंग्रजी अमलांत प्रिंगल यानें दख्खनची मोजणी व प्रतबंदी करून निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ हा सरकारचा हिस्सा धरला. ही आकारणी १८३० च्या सुमारास इंदापुरास लागू झाली. हिशेब अतिशय बारीक व गुंतागुंतीचा, देखरेख अपुरी, त्यांत धान्याचे भाव उतरलेले. आंकड्यांच्या पाठीशीं सरकारी दफ्तर होतें. पण रयतेच्या हातीं पीक नव्हतें. धारा झेपेना, जमिनी पडीक पडल्या, कुळें गांव सोडून गेलीं. कागद रीतसर होता. म्हणून तो खरा होता असें झालें नाहीं.

पुढें १८३५-३६ त मुलकी खात्यांतील गोल्डस्मिड व मुंबई इंजिनियर्सचा लेफ्टनंट विंगेट यांनीं हें काम हातीं घेऊन नवा धारा तीस वर्षांसाठीं बांधून दिला. या पद्धतीचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालांत ग्रथित झाले. तेहतीस फुटांची सोळा आण्यांची सांखळी, तेहतीस फूट चौरसाचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हें माप त्याच पद्धतीचें. तिचा खरा कणा मात्र निराळाच होता : मोजणीदारानें मोजलेल्या शेतांपैकीं कांहीं वरिष्ठानें स्वतः शेतावर जाऊन पुन्हा मोजावीं. मुद्रा व स्वहस्त यांस पडताळा ही तिसरी जोड मिळाली.

यापुढें चुकीची किंमत वाढतच गेली. १८८५ त नीरा डावा कालवा सुरू झाला. ज्या जिराईत रानांत हातभर सरकलेल्या बांधाचें कोणास फारसें वाटत नसे, तेथें ऊंस उभा राहिला व गुंठ्यागुंठ्यास मोल आलें. आज सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी येते. ती नक्कल अस्सल आहे एवढें ती सांगते. बांध जागेवर आहे कीं नाहीं, हें ती सांगूं शकत नाहीं. शेतावर न जातां दिलेली सही किंवा मोबदला घेऊन दुसऱ्याच्या कामावर उमटविलेला शिक्का नियमाच्या अक्षरास पुरा पडेलही; पण शेजारच्या विधवेचे दोन गुंठे त्यानें गेले, तर ते तिला परत मिळविण्यांत आयुष्य सरतें.

म्हणून आमचें मत असें कीं, सही-शिक्क्याच्या नियमांत शिक्क्याचा आकार व सहीची जागा हा गौण भाग होय. सही करणारा हद्दीवर उभा राहिला होता काय, आणि त्याचें काम दुसऱ्या कोणी पुन्हा मोजून पाहिलें काय, हे दोन प्रश्न मुख्य. इंदापूरच्या रयतेनें यांची किंमत एकदां पडीक रानांनीं मोजली आहे. ती दुसऱ्यांदा मोजावी लागूं नये. इत्यलम्.