अंगठाबहाद्दर

ज्याला सही येत नाही तो अंगठाबहाद्दर! हा शब्द आपल्या बापाआज्याला हिणवायला वापरला गेला. पण या अंगठ्यालाही इतिहास आहे. शाळेत तो कुणी सांगत नाही, म्हणून मी इथं मांडतो.

१८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शल नावाचा गोरा अधिकारी होता. राज्यधर कोनाई या माणसाशी त्यानं रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदावर त्याच्या सबंध पंजाचा ठसा घेतला. का? तर उद्या यानं ‘ही सही माझी न्हाई’ म्हणू नये, त्याला धाक बसावा. पुढं १८९७ साली कलकत्त्याला ठसे तपासायची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवायला राबले अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस, नाव लागलं हेन्री साहेबाचं. खोटा ठरायचा तो माणूस आणि खरा धरायचा तो कागद, अशी ही सुरुवात.

पण कागदही खोटं बोलतो. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, सावकारांचे कर्जरोखे बाहेर काढून जाळले. लोण नगरापर्यंत गेलं. चौकशी बसली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावा, पैसे घेतले की सावकारानं पावती द्यावी, कोर्टानं नुसता रोखा न बघता कर्जाचा मुळापासूनचा हिशेब बघावा. कागद लिहिणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, हे सरकारनंच कबूल केलं.

आता आपल्याकडं या. मी निडीच्या बाजूचा. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा, आणि इथं राज्य खोताचं. कसायचं कुळानं, लिहायचं खोतानं. १९३३ साली अलिबागजवळ चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर गेले. खोती कायद्यानं गेली ती १९४९ च्या कायद्यानं. कसणाऱ्याचं नाव कागदावर यायला एवढा झगडा करावा लागला.

पण खोत गेला म्हणून कागदाचा खेळ संपला का? १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. धाटावला एमआयडीसी, नागोठण्याला पेट्रोकेमिकल. जमिनीला भाव आला, तसा अंगठ्यालाही आला. ‘रेशनकार्डाचं काम हाय, लाव अंगठा’ म्हणायचं आणि निघायचं ते खरेदीखत! म्हाताऱ्यानं बोंब मारली की उलट त्याच्यावरच तक्रार: पैसे घेतले न् आता नाकारतो, चारसोवीस!

मित्रांनो, अशा वेळी घाबरून गाव सोडू नका. कायदा काय म्हणतो ते बघा.

मजकूर काय हे फसवून कळू न देता अंगठा घेणं, हेसुद्धा खोटा दस्त करणंच आहे. १८६० च्या दंडसंहितेत ते कलम ४६४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३३५ आहे. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनं कलम लागतं. खरेदीखतासारख्या दस्ताच्या बनावटीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

मात्र रजिस्टर झालेला दस्त कोर्ट आधी खरा धरून चालतं. तो खोटा आहे हे दाखवायचं ओझं आपल्यावर येतं. म्हणून नक्कल काढा, फेरफार बघा, साक्षीला कोण होतं ते लिहून ठेवा. दस्त रद्द करायचा दावा, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत घालावा लागतो. पोलिसांकडं तक्रार दिली म्हणून ही मुदत थांबत नाही.

अट्रॉसिटी कायद्याचं नाव आपण मारहाणीच्या वेळीच घेतो. १९८९ च्या या कायद्यात जमिनीचंही कलम आहे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यात, जमिनीचं रेकॉर्ड बनावट करून आपली जमीन बळकावणं गुन्हा आहे, असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या माणसावर खोटी, त्रासदायक केस घालणं हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असला म्हणजे झालं.

आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं अर्ज करायचा.

दर वस्तीत एका तरी पोरानं सातबारा आणि फेरफार वाचायला शिकावं. कुणी अंगठा मागितला की त्यानं मधी उभं राहावं, सगळा कागद मोठ्यानं वाचावा, कोऱ्या कागदाला तर अंगठा लागूच देऊ नये. कोनाईचा ठसा घेतला तो आपल्याला बांधायला. आता लिहिणाऱ्यालाही त्याच कागदानं बांधायचं काम आपलं.

जय भीम.