डोळ्यावर विश्वास का ठेवायचा नाही : उतरत्या उन्हात चित्रीकरणाचा थोडा इतिहास

गोरज मुहूर्ताच्या लग्नात एक गंमत असते. मंगलाष्टकं सुरू होतात तेव्हा मंडपाबाहेर चांगलं उजेडात असतं, आणि हार घालून, आशीर्वाद घेऊन होईपर्यंत दिवे लावावे लागतात. तिथे उभ्या असलेल्या पाहुण्यांना विचारलं तर 'संध्याकाळ झाली' एवढंच सांगतील. आकडे वेगळंच सांगतात. निरभ्र आकाश असेल तर सूर्य मावळताना उजेड साधारण ४०० लक्स असतो. आपल्या अक्षांशावर त्यानंतर २२-२४ मिनिटांत तो तीन-चार लक्सवर येतो. म्हणजे जवळजवळ शंभरपट घट. फोटोग्राफीच्या भाषेत उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं म्हणजे एक 'स्टॉप'. त्या हिशोबाने अर्ध्या तासाच्या आत सहा-सात स्टॉप गेले.

हे आपल्याला दिसत कसं नाही? बाहुली लहान-मोठी होते, पण त्याने फार तर पंधरा-सोळा पट फरक भरून निघतो. बाकीचं काम नेत्रपटल करतं, तेही गुपचूप. डोळा हे फार सुंदर इंद्रिय आहे आणि मापक म्हणून फार वाईट, कारण ज्याचं माप घ्यायचं त्याच्याबरोबर ते स्वतःच बदलत जातं. प्रयोगशाळेच्या बाहेर, शेतात किंवा समुद्रकिनारी मोजमापं घ्यायला निघणाऱ्या प्रत्येकाने मला वाटतं हा इतिहास एकदा वाचावा. उघड्यावर चित्रीकरण करणाऱ्यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत नेमकी हीच अडचण सोडवली आहे.

सुरुवात मुंबईची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे व्यवसायाने फोटोग्राफर. १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलचित्रं दाखवली गेली, त्यानंतर त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. जरा विचार करा: उजेडाचा अंदाज बरोबर आला की चुकला हे कळायला जहाजाच्या दोन फेऱ्या! तोवर कुस्ती कधीच संपलेली. पुढे १९०१ मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परतले तो प्रसंगही त्यांनी टिपला. कुस्ती काय, स्वागत काय, लग्न काय, 'पुन्हा एकदा करा' म्हणायची सोय नाही. फाळक्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित केला तोही सूर्यप्रकाशातच, पण ढग आला तर ते थांबू शकत होते. सावे दादा थांबू शकत नव्हते.

त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. दांडा हळू फिरवला की प्रत्येक चौकटीला जास्त उजेड मिळतो, पण मग पडद्यावर माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. म्हणजे एक चूक झाकायला दुसरी करायची. त्यात फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी. कुंकू काळं दिसायचं. संध्याकाळचं ऊन तांबूस असल्यामुळे डोळ्याला ते भरपूर वाटे आणि फिल्मला त्यातलं फार थोडं पोचे. सगळे रंग पकडणारी पँक्रोमॅटिक फिल्म सिनेमात सर्रास वापरात आली ती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर डोळा आणि फिल्म एकाच गोष्टीकडे बघत नव्हते, असंच म्हणावं लागेल.

अंदाजाच्या जागी आकडा आणायचा प्रयत्न मात्र सिनेमाच्याही आधीचा. इंग्लंडमधल्या विडनेस गावी रसायनांच्या कारखान्यात फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड काम करत होते. दोघेही हौशी फोटोग्राफर. कारखान्यात सगळं मोजून होत असताना फोटो मात्र अंदाजपंचे का काढायचे, असा त्यांचा सवाल. १८८८ मध्ये त्यांनी 'अॅक्टिनोग्राफ' नावाच्या सरकपट्टीचं पेटंट घेतलं. तारीख आणि वेळ लावली की त्या अक्षांशावर सूर्यप्रकाश किती असेल ते त्यावर मिळायचं, आणि त्याला काचेच्या संवेदनशीलतेची जोड दिली की उघडझापीची वेळ. एका अर्थाने फोटोग्राफरचं पंचांगच ते! ढग किती आहेत हे मात्र माणसालाच ठरवावं लागे, म्हणजे डोळा मागच्या दाराने परत आत. १८९० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि फिल्म किती उजेडाला किती काळी पडते याचा आलेख फोटोग्राफीला मिळाला. त्यात उजेडाचा अक्ष लॉगरिदमचा आहे. स्टॉपची मोजणीही त्याच चालीची, पटीत.

डोळ्याला खरी सुट्टी मिळाली १९३२ मध्ये. वेस्टन कंपनीने सेलेनियमचा घट असलेला मीटर बाजारात आणला; उजेड पडला की वीज निर्माण होते आणि काटा हलतो. पण त्यातही एक खोच होती. असा मीटर समोरच्या वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो, आणि समोर जे असेल ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. पांढरं धोतर दाखवा, म्हणेल उजेड कमी करा. काळा कोट दाखवा, म्हणेल वाढवा. १९४० च्या सुमारास अमेरिकेत डॉन नॉरवूड यांनी मीटरवर अर्धगोल पांढरी टोपी बसवली आणि तो वस्तूच्या जागी धरून तिच्यावर *पडणारा* उजेड मोजायचा मार्ग रूढ केला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत हुशार पायरी आहे. यंत्र जास्त अचूक झालं असं नाही. नेमकं काय मोजायचं हा प्रश्न बदलला.

याच काळातला एक भारतीय मुलगा मला फार आवडतो. ज्याँ रेन्वार 'द रिव्हर' हा चित्रपट बंगालमध्ये करत होते तेव्हा सुब्रत मित्र नुसतेच बघे म्हणून तिथे जात. कुठला दिवा कुठे, नट कसे हलले, कॅमेरा कुठून कुठे गेला, सगळं आकृत्यांसह वहीत उतरवत. पुढे खुद्द छायाचित्रकार क्लोद रेन्वार यांनी प्रकाशाचा मेळ जुळवण्यासाठी ती वही मागून पाहिली. ज्याच्या हातात कॅमेरा नव्हता त्याच्याकडे नोंद होती! मग १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावं लागलं, तेव्हा मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. आकाशाचा मऊ, सावली न पाडणारा उजेड त्यांनी आत बनवला. उघड्यावरचा उजेड इतका नीट पाहिलेला असल्याशिवाय हे सुचत नाही.

व्हिडिओ कॅमेरा आला आणि चक्र उलटं फिरलं. ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला पुन्हा डोळ्यासारखं करणं. मुहूर्ताच्या क्षणी त्याचा परिणाम बघा. चौकटभर पांढरा अंतरपाट असतो, म्हणून ऑटो कॅमेरा उजेड कमी करतो. 'सावधान' होतं, अंतरपाट बाजूला होतो, मागे अंधारलेलं आकाश. कॅमेरा गडबडून उजेड वाढवू लागतो आणि सावरायला त्याला एखाद-दोन सेकंद लागतात. नेमक्या त्याच दोन सेकंदांत वधूवरांनी एकमेकांना पाहिलेलं असतं. रंगाचंही तेच: मावळतीचं ऊन तीन हजार केल्विनच्याही खाली, ते गेल्यावर निळं आकाश सात हजारांच्या वर, आणि मंडपातले पिवळे बल्ब पुन्हा तीन हजारांच्या आसपास. ऑटो यांच्यात झुलत राहतं आणि शालूचा रंग दर मिनिटाला बदलतो.

म्हणून जाणते लोक आज ऑटो बंद ठेवतात. व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर कुलूपबंद करतात, वधूवर उभे राहणार त्या पाटांपाशी आधीच मीटर धरून माप घेतात, आणि ऊन उतरू लागलं की दर थोड्या वेळाने पुन्हा मोजून, दोन विधींच्या मधे, स्वतःच्या हाताने एकेक स्टॉप उघडतात. अंतरपाट धरलेला असताना मात्र रिंगला हात लावत नाहीत.